छबीला मी वाचवलं नव्हतं

हे आजवर कुणापाशीच बोललो नाही. बायकोपाशीही नाही. कुठनं सुरू करू?

वीसेक वर्षं झाली असतील. मी जालन्याकडचा, सातवीतनं शाळा सुटलेला. दौंड स्टेशनावर उतरलो तेव्हा ओळखीचं माणूस नव्हतं. केडगावजवळच्या एका गुऱ्हाळावर काम मिळालं. मालकीणबाईंनी — मी त्यांना आक्का म्हणायचो — पहिल्याच दिवशी स्वतःच्या पोरीशेजारी जेवायला बसवलं. परक्या पोरासाठी एवढं कोण करतं?

ती पोर छबी. चार-पाच वर्षांची. काकवी मागायला रोज यायची. आन् मला दिसायचं — मी तिला उचलतोय, उकळत्या रसाच्या काहिलीत फेकतोय, कातडी सोलून निघतेय. डोळे मिटले तरी तेच. कसला माणूस मी? ती दिसली की हात काखेत दाबून धरायचो. काहील ओतली की फावड्यानं तळ खरवडून बघायचो — आत पोर तर नाही ना? ती समोर खेळत असली तरी. परत बघायचो. गूळ शिजवणारे आप्पा हसायचे, "आरं, सोनं पुरलंय का काय तिथं?"

त्या दिवशी ती काहिलीपासून लांब, उसाच्या ढिगाजवळ उभी होती. "मामा, काकवी." डोक्यातली किंकाळी थांबेना. तिला हाकलायला गेलो — आन् दंडाला धरून जीव खाऊन भिरकावली. दगडी कट्ट्यावर तिचा हात आपटला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

आक्का धावत आल्या. मी म्हणालो, "काहिलीत पडत व्हती. म्या वढली."

आक्कांनी त्या मोडक्या हाताच्या पोरीला उसाच्या टिपरीनं झोडपलं. "जाशील परत तिकडं? जाशील?" मी बघत राहिलो. मग त्या माझ्या पाया पडल्या. भाऊबीजेला ओवाळून नवा शर्ट दिला. मी तो घातला.

पुढं शिरूरला कंपनीत लागलो. तिथंही लेकरू दिसलं की तेच. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मारावंसं वाटतं, की आपण मारू याची भीती वाटते?" मी रडायलाच लागलो. नको तेच विचार परत परत छळतात, त्या आजाराला मंत्रचळ म्हणतात, त्या म्हणाल्या. काखेतले हात, खरवडलेला तळ — सगळ्याला नाव मिळालं. गोळ्यांनी झोप आली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

पण छबीचं त्यांनाही सांगितलं नाही. भीती आजारापायी होती, खरं. "पडत व्हती" हे कोण बोललं? मी — पोटाची सोय जाईल म्हणून.

छबीचा कोपर सरळ होत नाही. आता लग्नाला आलीय. आक्का अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगतात, छबी शेजारी बसून ऐकते. तिलाही ते तसंच आठवतं. मागच्या खेपेला मला म्हणाली, "मामा, तुम्ही नसता तर मी शिजली असती."

मी मान डोलावली.