शारजा–नागपूर, साडेतीन तास

ते प्रेत मी शवविच्छेदनाला पाठवलं नाही, म्हणून ती घटना आजही आठवते.

मंगरूळपीरकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, मळ्यातला म्हातारा गेला. काल चांगला बोलला माह्यासंगं. अन् हे लोक लाकडं बी आणून राह्यले. एकडाव येऊन पाहा."

मी गेलो. म्हातारा बाजेवर होता. अंगावर मार नव्हता. ओठाच्या आत बारीक जखम होती. दात लागला असेल, असं मी धरून चाललो. धाकट्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे बाप झोपेतच गेला होता.

"मोठ्या मुलाला येऊ द्या," मी म्हणालो. "तोवर शवविच्छेदन करून घेऊ. किती वेळ लागेल त्याला यायला?"

"दादा शारजाले हाये, साहेब. दोन दिवस लागतात त्याले. तवरोक मयत ठाण्यात ठेवता का तुमी? अन् म्हाताऱ्याले कापता कायले?"

बायका रडत होत्या. ऊन चढत होतं. मी परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला बॅग घेऊन थेट ठाण्यात आला.

"दोन दिवस कोणं सांगतले तुमाले?" त्याने विचारलं. "शारजा ते नागपूर साडेतीन तास लागते. नागपूरहून यष्टीनं याले त्याच्याहून जास्त टाइम लागला. मले फोन संध्याकाळी आला, साहेब. तवा जाळून झालतं."

मी फोनच्या नोंदी मागवल्या. धाकट्याने पहाटेपासून सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं. सख्ख्या भावाला सर्वांत शेवटी, स्मशानातून परतल्यावर. त्याला समोर बसवून मी एवढंच विचारलं, "भावाला आधी का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "तो आला असता."

पुढचं त्याने आपणहून सांगितलं. विहिरीकडचा तुकडा बापाने थोरल्यासाठी राखून ठेवला होता. त्यावरून भांडण झालं आणि याने बापाच्या तोंडावर उशी दाबली.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. शवविच्छेदनाचा अहवाल नव्हता. राख होती, तीही नदीत सोडलेली. तो निर्दोष सुटला. विहिरीकडच्या तुकड्यात आज तोच वांगी लावतो. थोरला शारजाला गेला तो परत आला नाही.

गेल्या वर्षी माझी पत्नी वारली. मुलगी सिंगापूरला असते. किती वेळ थांबायचं, असं लोक विचारू लागले. मी विमानाची वेळ स्वतः पाहिली आणि सगळ्यांना थांबवलं. मुलीने आईचं तोंड पाहिलं. एवढं त्या थोरल्यालाही मिळायला हवं होतं, आणि ते देणं माझ्या हातात होतं.

आयुष्यभर जबाब घेतले. खोटं बोलणारा माणूस आपल्याला ओळखता येतो, असं मी समजत होतो. त्या दिवशी माझ्या खिशात फोन होता. तरी शारजा किती लांब आहे, हे मी ज्याला घाई होती त्यालाच विचारलं.