गेलेल्यांची हजेरी

"बरं, उद्या पाहू."

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार ज्यांचे आहेत, ते आमचे गणिताचे सर दिवसातून एकदा तरी हे म्हणायचे. आमच्या वडनेर भोलजी गावात त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. चहावाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचे ते 'सर'च. मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे. आणि त्यांच्याशीच मी वर्षभर खोटं बोललो. दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत.

सर वर्गात आले की आधी सरकारी हजेरीपट उघडत. तो संपला की सदऱ्याच्या खिशातून एक चाळीस पानी वही निघे. तिच्यात शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावं होती. सर तीही नावं घेत. ते मूल आता कुठे आहे, हे वर्गातल्या कोणीतरी उठून सांगायचं.

"सर, तो सुरतले हाय."

"काय करून राह्यला?"

"साडीले टिकल्या लावते म्हणे."

"अन् पाढे?"

"पाढे कोण विचारते सर तिथं!"

वर्ग हसायचा, सरही हसायचे आणि वहीत बारीक अक्षरात काहीतरी टिपून घ्यायचे.

एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले असताना ही दुसरी हजेरी सुरू झाली. ते म्हणाले, "अहो सर, पटावरून नाव काढलेल्या पोराची हजेरी कशी काय घेता?"

सर म्हणाले, "साहेब, समोर बसलेले तं दिसूनच राह्यले मले. विचारा लागते ते न दिसणाऱ्याचं." साहेबांनी चहा घेतला आणि पुढच्या वर्गात गेले.

त्या वहीत सुनंदा नावाची एक मुलगी होती. दिवाळीच्या सुट्टीत तिचं कुटुंब घराला कुलूप लावून निघून गेलं. कुठे गेलं, ते कोणालाच कळलं नाही. तिचं नाव आलं की कोणी उठायचं नाही. रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज तेवढा यायचा. सर दाराकडे बघत थांबायचे. त्यांच्यामागे आम्हीही दाराकडे बघायचो, आणि खरं सांगतो, अंगावर काटा यायचा. आता कोणीतरी दारातून 'हजर' म्हणेल असं वाटायचं. मग सर मान खाली घालून म्हणायचे, "बरं, उद्या पाहू." हे दोन वर्षं रोज चाललं.

आठवीत असताना मीही त्या वहीत गेलो. वडील खामगावला जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधायच्या कामावर लागले आणि आम्ही सगळेच तिकडे राहायला गेलो. शाळा सुटली. मला त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही. रुईच्या ढिगावर उड्या मारायला मिळत होत्या. पण गावाहून कापूस घेऊन येणारा टेम्पोवाला दर खेपेला वडिलांना सांगायचा, "तुह्या पोराचं नाव रोज घेतात म्हणे शाळेत." पहिल्यांदा वडील हसले. दुसऱ्यांदा त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा गठाणीवर बसून राहिले आणि म्हणाले, "माह्यं नाव तं असं रोज कोणी घेतलं नाही." पुढच्या सोमवारी त्यांनी मला एसटीत बसवून गावी आजीकडे पाठवलं.

वर्गात शिरलो तेव्हा बाकावरचा मित्र म्हणाला, "आला का बे? 'खामगावले हाय' म्हनू म्हनू घसा बसला आमचा." सरांनी वही उघडली, माझ्या नावावर एक रेघ मारली आणि फळ्याकडे वळले. त्रैराशिक चालू होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. खामगावच्या कॉलेजात माझ्यासाठी फॉर्मच्या रांगेत सर उभे राहिले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मग बी.एड., पुण्यात काही वर्षं नोकरी आणि तिथून समुद्रापलीकडच्या एका शहरात आंतरराष्ट्रीय शाळा. कंपन्यांच्या कामासाठी देशोदेशींहून आलेल्या कुटुंबांची मुलं तिथे शिकतात. माझ्या वर्गात बावीस मुलं आणि चौदा देश. सरांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी जुना नकाशा काढून एकेक देश बोटाने शोधला. मी फोन धरून बसलो होतो.

या शाळेत मुलं सारखी जातात. वडिलांची बदली झाली की वर्षाच्या मध्येच. जाणाऱ्याला केक कापून निरोप देतात, टाळ्या वाजतात, आणि सुट्टीनंतर येऊन पाहावं तर संगणकाच्या पडद्यावरच्या हजेरीतून नाव गेलेलं असतं. खालची नावं एक ओळ वर सरकलेली असतात.

लीना तर केक न कापताच गेली. मनिलाची मुलगी. वडिलांची कंपनी अचानक बंद पडली आणि आठवडाभरात घर रिकामं झालं. पुढच्या सकाळी यादीत नाव नसताना माझ्या तोंडून ते निघालं, "लीना?" तिच्या बाकाशेजारची मुलगी रडायला लागली आणि दिवसभर रडली. संध्याकाळी त्या मुलीच्या आईची तक्रार आली. पर्यवेक्षक बाईंनी मला बोलावलं. भल्या बाई होत्या. म्हणाल्या, "इथे सगळीच मुलं जाणारी आहेत. त्यांना मागे वळायला लावू नका." मला नोकरीची भीती वाटली. मी मान डोलावली आणि परत कधी ते नाव घेतलं नाही.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. "काय रे, तिथं गेलेल्या लेकराईचं नाव घेतं का नाही?"

"घेतो ना सर."

"कोण उत्तर देते?"

"मैत्रीण देते तिची. लीना मनिलात आहे. सायकल शिकते आहे म्हणे."

सायकल कुठून सुचली कोण जाणे. पुढच्या फोनवर सरांनी पहिलं तेच विचारलं, "ते मनिलावालं पोट्टं पडलं-झडलं तं नाही ना?" मी म्हणालो, गुडघा फुटला. मग तिला शाळा मिळाली, मग नवी मैत्रीण मिळाली, मग तिच्या भावाला गोवर आला. मी दर फोनला एकेक सांगत गेलो आणि सर वहीत लिहीत गेले. इकडे तिचा बाक रिकामा होता. तिच्याबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. कधी कधी फळ्यावर लिहिताना पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. वळून पाहिलं की सगळी मुलं आपापल्या जागेवर असायची.

मग सरांचे कान गेले आणि फोन बंद झाले. मी सुटलो असं मला वाटलं, हे लिहिताना लाज वाटते. पण एके दिवशी सरांच्या सुनेने, वहिनींनी, मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. गावच्या शाळेत प्रजासत्ताक दिनाला सरांना बोलावलं होतं. खुर्चीतून उठता येत नव्हतं, तरी ते उठले आणि मुलांना म्हणाले, "पोट्टेहो, आपल्या शाळेतला एक जण साता समुद्रापार गेलेल्या लेकराईची हजेरी घेऊन राह्यला. मनिलाची एक लीना हाय. सायकल शिकली ते." मुलांनी टाळ्या वाजवल्या. खाली वहिनींनी लिहिलं होतं, "भाऊ, रोज तुमचंच सांगतात."

तो व्हिडिओ मी शिक्षकांच्या खोलीत पाहिला. दुसऱ्या दिवशी वर्गात जे झालं ते मी सरांना लिहिलेल्या पत्रात आहे. पत्र टपालाने पाठवलं. पोचल्यावर वहिनींचा फोन आला. "दोनदा वाचलं भाऊ. मंग घडी केली अन् खिशात ठेवलं. बोलले काहीच नाही." पत्र पोचल्यापासून बाराव्या दिवशी सर गेले. जाताना त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय होतं, हे मला आता कधीच कळणार नाही. घरच्यांना ते पत्र खिशात सापडलं. त्यांनी त्याचा फोटो काढून पाठवला. तेच इथे उतरवतो.

*

सर, नमस्कार.

मी तुमच्याशी खोटं बोललो. लीना सायकल शिकली की नाही, मला माहीत नाही. गुडघा फुटला नाही, भावाला गोवर आला नाही. तिला भाऊ आहे का, हेही मी कधी विचारलं नव्हतं. तिचं नाव मी एकदाच घेतलं. तक्रार आली, नोकरी जाईल म्हणून घाबरलो आणि बंद केलं. तुम्ही वहीत लिहिलेलं सगळं मी रचलेलं आहे. शाळेत तुम्ही माझं कौतुक केलंत, ते पाहून मला बसवेना.

आज सकाळी हजेरी झाल्यावर मी लीनाचं नाव घेतलं. पर्यवेक्षक बाईंना आधी सांगून आलो होतो. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पहिल्या वेळी दिवसभर रडलेली तिची शेजारीण या वेळी रडली नाही. लीना कुठे आहे, हे मात्र कोणालाच सांगता आलं नाही.

मग मिन्हो नावाच्या मुलाने हात वर केला. नऊ वर्षांचा आहे आणि ही त्याची चौथी शाळा. त्याने विचारलं, "सर, मी ज्या शाळा सोडून आलो, तिथे कोणी माझं नाव घेत असेल का?"

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. हो म्हणणं सोपं होतं, आणि मला खोटं बोलायची सवयही झाली आहे. पण मी हो म्हणालो नाही, फळ्याकडे वळलो. उद्या तो पुन्हा विचारेल. त्याला काय सांगू, सर?

तुमचा विद्यार्थी