पणजीच्या गालावरचा डाग

नलूमावशीचा फोन आला आणि आमचं इंदूरला जायचं ठरलं. "अगं, पणजीचं चित्र सफाईला काढलं तर गालावर काळा डाग निघाला! मी काम रुकवून ठेवलंय. तू ये पहिले."

मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. या दोघींच्या पणजीचं हे तैलचित्र एकोणिसावं शतक सरताना, संस्थानी अमलात काढलेलं. घराण्यात रूप मोजायचं ते या गोऱ्यापान बाईच्या मापाने. आणि माझी लेक सई सावळी. प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारणारच, "ही कुणावर गेली गं?" हल्ली ती कुठल्याच फोटोत उभी राहत नाही. मला त्याचा फार त्रास होतो. इंदूरलाही ती आली ती फक्त खाण्यासाठी.

नाशिकहून पहाटेच निघा. फास्टॅग आधी भरून ठेवा. सेंधव्याच्या अलीकडच्या घाटात ट्रक रेंगाळतात, तिथे शौर्य दाखवू नका. आम्ही खलघाटला नर्मदा पाहत चहा घेतला. महू मागे पडलं की इंदूर आलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजय नगरातल्या मावशीच्या फ्लॅटखालीच पोहे-जलेबी. सईने पोह्यांवर शेव कमी मागितली, तर गाडीवाला दुखावलाच. "दीदी, सेव कम? इंदौर में?" त्याने मूठभर जास्तच घातली. वरून भुरभुरायचा तो चटपटीत मसाला, जिरावण, मागून घ्या, त्याशिवाय मजा नाही.

वर चित्राशी ऋचा थांबली होती. ती जुनी चित्रं साफ करते. चित्रात पणजीची नऊवारी, कोरीव खुर्चीवर टेकलेला हात, किंचित वळलेली मान. चेहरा मात्र पिठूळ, सपाट. आणि नथीजवळ तो "डाग". वाकून पाहिलं आणि मी थक्क झाले. तपकिरी, त्यात तांबूस झाक, गालावर खिडकीतला उजेड. चित्रकाराने किती जीव लावून तो रंग कालवला होता! पांढऱ्या चेहऱ्यावर विझून गेलेले नथीचे मोती तेवढ्या तपकिरी जागी लखलखत होते.

"खालचा रंग असली आहे," ऋचा म्हणाली. "वरचा पांढरा नंतर कुणीतरी लावलाय."

"बाबांनी," मावशी खाली बघत म्हणाली. "मला बघायला पाहुणे येणार होते ना, तेव्हा. बैठकीत घुसताच पहिले हीच दिसायची. घराणं गोरं वाटावं म्हणून पेंटर बुलावला. फोनवर कसं सांगू तुला?" मावशी स्वतः सावळी आहे, हे मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं.

"पूरा चेहरा खोलला तर लोक काय बोलतील?" तिने विचारलं.

सई उठली आणि आपणहून चित्राशेजारी जाऊन उभी राहिली. तेच रुंद कपाळ, तोच रंग. मावशी कितीतरी वेळ दोघींकडे बघत राहिली. मग चष्मा पुसत म्हणाली, "ऋचा बेटा, कर चालू. पूरा साफ कर."

मग सईने सेल्फी काढायला हात लांब केला, मावशीलाही ओढून घेतलं. फोन आपोआप चेहरे उजळवत होता. तिने ती सेटिंग बंद केली.

घरी येऊन महिना झाला. बरोबर आणलेली शेव कधीच संपली, जिरावण अजून पुरवून वापरतेय. काल ऋचाने साफ झालेल्या चेहऱ्याचा फोटो पाठवला. सईने तो घराण्याच्या ग्रुपवर टाकला, सोबत तिघींची सेल्फी. खाली लिहिलं, "मी हिच्यावर गेले."