दोनशे कार्डांची फाइल

त्या काळी प्रोग्राम म्हणजे जाड कागदाच्या, एक कोपरा छाटलेल्या कार्डांचा गठ्ठा असे. एका कार्डावर एक ओळ, आणि तीही भोकांनी लिहिलेली. असा दोनशे कार्डांचा गठ्ठा मी मुंबईच्या संगणक केंद्रात जाऊन स्वतः पंच करून तपासायला नगरला आणला होता. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. नगरजवळच्या एका ज्वारी संशोधन केंद्रात मी हंगामी नोकरीत होतो, आणि साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, संगणकातून निकाल आणलात तर मुदतवाढ, नाहीतर घरचा रस्ता. मशिनवर अर्ध्या तासाची पाळी मिळवायला तीन महिने पत्रं लिहावी लागली होती.

पाळीच्या दोन दिवस आधी कचेरीत येतो तर गठ्ठा लाल टॅगात बांधलेला. आमच्या हेडक्लार्कांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, प्रत्येक कार्ड दाभणाने टोचून त्याची रीतसर फाइल केली होती. वर आवक क्रमांकही घातला होता.

"सुट्टं कागद टेबलावर ऱ्हाऊ देत न्हाई मी," ते म्हणाले. "आन् कोपरा तर आदीच छाटलेला हुता. मंग टॅग दुसरीकडं कुठं घालायचा?"

"भाऊसाहेब, यात भोक म्हणजे अक्षर असतं. तुम्ही प्रत्येक ओळीत एक अक्षर घुसडलंत."

"येकच हाय ना? आन् समद्यात सारकंच हाय."

माझं डोकंच फिरलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी सगळ्यांदेखत नाही नाही ते बोललो. घोडेगावच्या बाजारात लांबूनच बैलाचं वय सांगणारे भाऊसाहेब खाली मान घालून उठले. ते पोस्टात गेले आणि तिकिटांच्या पानांच्या कडेच्या, डिंक लावलेल्या कोऱ्या पट्ट्या मागून घेऊन आले.

सगळी कचेरी सतरंजीवर बसली. ठिगळ कापायचं, जिभेवर ओलं करायचं, भोकावर चिकटवायचं. टायपिस्टबाई, शिपाई, शेतकी सहायक, सगळ्यांच्या जिभा बाहेर. एक शेतकरी बियाणं मागायला आला, त्यालाही बसवला. त्याने अकरा कार्डं बुजवली आणि बियाणं विसरून गेला. ठिगळं दबावीत म्हणून गठ्ठ्यावर दिवसभर ज्वारीचं पोतं ठेवलं.

मुंबईत मशिनने दोनशेच्या दोनशे कार्डं खडाखडा गिळली. एकही ठिगळ सुटलं नाही. मग एक ओळ छापून ते थांबलं: एकशे बाराव्या कार्डात चूक. तिथे कंस उघडला होता, बंद केलाच नव्हता. ते भोक मीच पाडायला विसरलो होतो. नवं कार्ड पंच करून आणेपर्यंत पाळी संपली.

परत आलो, तर माझा चेहरा पाहूनच भाऊसाहेबांनी साहेबांपुढे लेखी खुलासा ठेवला. कार्डे मी टोचल्यामुळे काम बिघडले, यात सदर कर्मचाऱ्याचा दोष नाही. साहेबांनी मला मुदतवाढ दिली आणि निवृत्तीला चार महिने उरलेल्या भाऊसाहेबांना मेमो. उभ्या नोकरीतला पहिला.

"तुमची नोकरी माज्यापायी जानार हुती," ते मला व्हरांड्यात म्हणाले. "चार दिस झालं, जेवन ग्वाड लागंना."

एका वाक्याचं काम होतं. माझी मलाच लाज वाटते अजून. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनाने माफ केल्यासारखा म्हणालो, "असू द्या, भाऊसाहेब. होतं असं."