टेकड्यांवर न जाता केलेली डेझर्ट सफारी

आयर्लंडमध्ये फेब्रुवारीत कुणी "सुट्टीत कुठे जाताय?" असं विचारलं, तर त्याचा खरा अर्थ "ऊन कुठे शोधताय?" असा असतो. आमच्या नावन गावात तर दिवाळीनंतर सूर्य फक्त हजेरी लावून जातो आणि पाऊस वरून पडण्याऐवजी बाजूने येतो. मी इथल्या रुग्णालयात डॉक्टर आहे. माझा नवरा निखिल रोज बसने डब्लिनला जातो, त्याचं ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला आहे. दोघांनाही सुट्टी हवी होती, पण दुबई ठरली ती माझ्या आईबाबांमुळे.

आईबाबा नागपूरला असतात. आम्ही इथे आल्यापासून त्यांना बोलावतोय, पण एवढा वेळ विमानात बसायचं म्हटलं की आई विषय बदलते. तिचे गुडघे दुखतात, हे तिचं अधिकृत कारण. शेवटी निखिल म्हणाला, मग आपण मध्येच भेटू. डब्लिनहून दुबई थेट विमानाने साडेसात तास, मुंबईहून तीन. बाबा लगेच तयार झाले. त्यांनी सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. फळ्यावर वाळवंटं काढली, पण प्रत्यक्षात एकही पाहिलं नव्हतं. आई मात्र वेगळ्याच कारणासाठी तयार झाली. गाड्या वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारत जातात, ते व्हिडिओ तिने फोनवर पाहिले होते आणि तिला त्या गाडीत बसायचं होतं.

एक गोष्ट त्या दोघांना माहीत नव्हती. मला पाचवा महिना लागला होता. आधी दोनदा माझं बाळ टिकलं नव्हतं. दोन्ही वेळा मी आईला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा ती वाईट बातमीही मलाच सांगावी लागली होती. म्हणून ह्या वेळी पाचव्या महिन्यातला मोठा स्कॅन नीट झाल्याशिवाय कुणालाच काही सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. स्कॅन दुबईहून परतल्यावर होता. माझ्या डॉक्टरांनी विमानप्रवासाला हरकत नाही म्हटलं. वाळूतल्या उड्या मात्र चालणार नाहीत, हे त्यांना विचारावंही लागलं नाही. आईबाबांना पाठदुखीचं कारण सांगायचं ठरलं.

आता सफारीच्या तयारीबद्दल थोडं. नोव्हेंबर ते मार्च हाच काळ चांगला, एरवी दुपारची वाळू भाजून काढते. गाडी दोन प्रकारे मिळते, इतरांबरोबर वाटून किंवा फक्त तुमच्या कुटुंबासाठी. दुसरी महाग पडते, पण वयस्कर मंडळी बरोबर असतील तर तीच घ्या, कारण हवी तिथे थांबवता येते. दुपारचं जेवण हलकं ठेवा, ही सूचना अजिबात हसण्यावारी नेऊ नका. बाबांनी नेली. आमचं हॉटेल बर दुबई भागात होतं आणि खालीच एक चांगलं दक्षिण भारतीय हॉटेल होतं. त्यांनी तिथे मसाला डोसा खाल्ला, वर केळ्याची भजी, आणि त्यावर फिल्टर कॉफी.

गाडी दुपारी तीनच्या सुमारास न्यायला आली. पांढरी, मोठी, आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा असलेली. चालक अस्लमभाई पेशावरकडचे, पन्नाशीचे, अगदी मृदू बोलणारे. आई पुढच्या सीटवर बसली. तिने साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला होता, वर स्वेटर आणि पायांत नवे स्पोर्ट्स शूज. शहरातून लहबाबच्या वाळवंटाकडे जाणारा रस्ता तासाभराचा आहे. उंच इमारती मागे पडतात, मग गोदामं, मग विजेचे खांब. नंतर रस्त्याच्या कडेची वाळू पिवळ्याची हळूहळू केशरी होत जाते. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. लोखंडाच्या गंजामुळे वाळूला लाल रंग येतो, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. अस्लमभाईंनाही हिंदीत सांगितलं.

टेकड्या सुरू होण्याआधी सगळ्या गाड्या एका ठिकाणी थांबतात. तिथे चाकांतली हवा कमी करतात, म्हणजे चाकं वाळूत रुतत नाहीत. चार दुकानं आहेत, स्वच्छतागृह आहे, डोक्याला बांधायचे रुमाल विकणारे आहेत. रुमाल घ्यायचा असेल तर शहरातूनच घेऊन या, इथे भाव चढे असतात. चारचाकी मोटरसायकली भाड्याने मिळतात, पण त्या सफारीच्या पैशांत धरलेल्या नसतात, हे आधी विचारून घ्या.

हवा काढून झाल्यावर अस्लमभाई खिडकीशी आले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. कुणाला हृदयाचा त्रास, पाठीचं दुखणं, कुणी गरोदर? मी म्हटलं, मला पाठीचा त्रास आहे, मी टेकड्यांवर येणार नाही, मला रस्त्याने थेट कॅम्पवर सोडा. निखिलने बुकिंग करताना ती सोय आहे का, हे विचारून ठेवलं होतं. पण अस्लमभाई भला माणूस. एवढ्या लांबून येऊन मी वाळू न पाहता जावं, हे त्यांना पटेना.

"दीदी, आप आगे बैठ जाओ," ते म्हणाले. "मैं बिलकुल आराम से चलाऊँगा. पीठ को पता भी नहीं चलेगा."

मी नको म्हटलं. ते पुन्हा म्हणाले. बाबाही त्यांच्या बाजूने बोलू लागले की एवढं काही होत नाही, हळूच जाऊ. निखिलने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण त्याचं हिंदी घाईत नेहमीच मराठीत घसरतं. त्या क्षणी मला वाटलं, आता ह्या दुकानांच्या समोर, रुमाल विकणाऱ्यांच्या देखत, सगळं सांगावं लागणार.

तेवढ्यात पुढच्या सीटचं दार उघडलं आणि आई खाली उतरली.

"ती नाही येणार," ती बाबांना म्हणाली. "तुम्ही दोघं जा. मी तिच्यासोबत रस्त्यानं जाते."

बाबा म्हणाले, अगं पण तुलाच तर बसायचं होतं. आपली पाण्याची बाटली आणि शाल तिने काढून घेतली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. अस्लमभाईंनी फोन करून कॅम्पवर सामान नेणारी गाडी थांबवली. निखिल आणि बाबांना घेऊन त्यांची गाडी पहिल्या टेकडीवर चढली आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

आमच्या गाडीत मागे रोट्यांच्या पेट्या आणि पाण्याचे खोके रचलेले होते. गरम रोट्यांचा वास पसरला होता. चालक अरबी गाणी ऐकत होता आणि त्याला मराठी कळायचं कारण नव्हतं. कॅम्पचा रस्ता दाबलेल्या वाळूचा, सपाट. दोन्ही बाजूंना टेकड्या, मध्येच एखादं काटेरी झाड आणि त्याखाली उंट.

आई बाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मले काल विमानतळावरच समजलं होतं."

मी तिच्याकडे वळून बसले.

"तू माझी बॅग उचलली नाही. निखिलले म्हटलं, तू घे. तू असं कधी करत नाही."

मी विचारलं, "मग काही बोलली का नाहीस?"

"मागच्या वेळी मी रोज विचारत होती. काय खाल्लं, किती चालली, डॉक्टर काय म्हणून राहिले. अन् मग तसं झालं, तर तुले माझा फोनच नकोसा झाला." तिने शालीची घडी उलगडून पुन्हा घातली. "मी रागावली नव्हती. पण ह्या वेळी ठरवलं, ती सांगेल तेव्हाच ऐकायचं."

मी रडायला लागले. रडत रडतच तिला सगळं सांगितलं. स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे, बाळ आता हलतं, आणि रात्री ते हललं नाही की मी उठून बसते. मी डॉक्टर आहे, मला सगळे आकडे माहीत आहेत, आणि त्यांचा मला काही उपयोग होत नाही. आईने मध्ये एकदाही धीर धर म्हटलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही. माझं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "भीती वाटून राहिली का?"

मी हो म्हटलं.

"मलेही वाटते," ती म्हणाली. "चल, आता दोघी मिळून घाबरू."

कॅम्प म्हणजे वाळूत चौकोनी कुंपण, मधे नाचासाठी ओटा, भोवती गालिचे आणि बुटक्या मेजांशेजारी लोड. आत जाताच वेलचीची कडवट कॉफी छोट्या कपात देतात, बरोबर खजूर. एका कोपऱ्यात मेंदी, एका कोपऱ्यात बहिरी ससाणा हातावर घेऊन फोटो. उंटाची फेरी दाराशीच, अगदी लहान. उठताना आणि बसताना उंट चांगलाच हेलकावा देतो, म्हणून गरोदर असाल तर तीही टाळा. आम्ही लवकर पोहोचल्यामुळे कॅम्प जवळजवळ रिकामा होता. हा थेट येण्याचा मोठा फायदा. आईने दोन्ही हातांवर मेंदी काढून घेतली आणि मी लोडाला टेकून पाय पसरले. कितीतरी आठवड्यांनी मला खरंच भूक लागली. मी खजुरांची अख्खी वाटी संपवली. आई बघत होती, पण तिने मोजले नाहीत.

सूर्य टेकायला आला तेव्हा अस्लमभाईंची गाडी आली. निखिल हसत उतरला. बाबा उतरलेच नाहीत. निखिलने त्यांना हात धरून खाली आणलं. चेहरा पार उतरलेला. दुसऱ्याच टेकडीवर गाडी थांबवून डोसा, भजी आणि कॉफी, सगळं वाळूला अर्पण झालं होतं. ते गालिच्यावर आडवे झाले आणि डोळे मिटूनच म्हणाले, "बारखाण टेकडी पाहिली. अगदी चंद्रकोरीसारखी. पुस्तकात दाखवतात तश्शीच."

आई त्यांना लिंबूपाणी देत होती, पण तिची नजर कुंपणाबाहेरच्या टेकडीवर होती. मी उठून अस्लमभाईंकडे गेले आणि विचारलं, उजेड आहे तोवर माझ्या आईला एक चक्कर मारून आणाल का. मघाच्या आग्रहाबद्दल त्यांना वाईट वाटत होतं. आईने मघाशी त्यांना बाजूला घेऊन दोन शब्द सांगितले असावेत, कारण आता ते मला पाण्याच्या बाटल्या आणून देत होते आणि पाठीबद्दल चकार शब्द काढत नव्हते. ते लगेच किल्ली घेऊन निघाले.

निखिल आईबरोबर गेला. मी कुंपणाशी उभी राहून पाहिलं. गाडी टेकडीच्या कडेने तिरकी चढली, माथ्यावर क्षणभर थांबली आणि पलीकडे कोसळल्यासारखी उतरली. मग दुसऱ्या बाजूने वर. आतून आईचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं ती घाबरून ओरडतेय. निखिल नंतर म्हणाला, ती अस्लमभाईंना 'और' म्हणत होती. परत आली तेव्हा तिचा अंबाडा सुटला होता, मेंदी कोपरापर्यंत फासली गेली होती आणि दातांत वाळू होती.

"बरं झालं आधी नाही गेली," ती म्हणाली. "ह्यांच्या उलट्या पाहण्यात सगळी मजा गेली असती."

अंधार पडल्यावर थंडी खरोखर पडते. शाल किंवा जाकीट हवंच. जेवण बुफे पद्धतीचं असतं. शाकाहाऱ्यांची रांग वेगळी, डाळ, भात, काबुली चण्यांचं हमूस, सॅलड, भाजलेला मका. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. गोल झगा घालून गिरक्या घेणारा नर्तक आला, त्याच्या झग्यात दिवे लागले, नंतर आगीचे खेळ झाले. खरं सांगायचं तर हा भाग थोडा घाऊक वाटतो, रोज तोच कार्यक्रम. पण शेवटी काही मिनिटं कॅम्पमधले सगळे दिवे घालवतात. नावनमध्ये ढगांमुळे मी कित्येक महिने एवढं आकाश पाहिलंच नव्हतं. बाबा तोवर सावरले होते. ते शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी लोकांना मृग नक्षत्र दाखवत होते. आईने अंधारात माझा हात धरून ठेवला होता. नऊच्या सुमारास आम्ही हॉटेलवर परतलो.

तर, जावं का? जरूर जा. गरोदर असाल, मान किंवा पाठ नाजूक असेल, तर टेकड्या सोडा आणि थेट कॅम्पची सोय आधीच करून घ्या. आणि कृपया खोटं कारण देऊ नका, चालकाला खरं सांगा. मला वाटलं होतं अर्धी सफारी चुकली तर काय उरणार. सगळ्यात चांगला भाग रोट्यांच्या गाडीतच होता.

नावनला परतलो तेव्हा अपेक्षेप्रमाणे पाऊस होता. पुढच्या आठवड्यात ड्रॉहेडाच्या रुग्णालयात स्कॅन झाला. स्कॅन करणारी बाई बराच वेळ पडद्याकडेच बघत मापं घेत राहिली. मी निखिलचं मनगट इतकं आवळलं की त्यावर नखं उमटली. मग तिने पडदा आमच्याकडे वळवला. हृदयाचे चारही कप्पे, पाठीचा कणा, एक उघडलेली मूठ. "ऑल ग्रँड," ती म्हणाली. 'ग्रँड' हा शब्द इथे 'ठीक' अशा अर्थाने चहापासून हवामानापर्यंत कशालाही लावतात. मला तो इतका मोठा कधी वाटला नव्हता.

गाडीत बसून मी आईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी ह्यांले अजून काही बोलली नाही. तूच सांग." तिने फोन बाबांना दिला.

मी सांगितलं. बाबांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्यांनी कॅलेंडर काढलं.

"तारीख कधीची?"

"जूनच्या शेवटी."

"अन् जूनमध्ये तिकडे हवामान कसं असते?"

मागून आई त्यांना म्हणत होती, हवामान जाऊ द्या, तिकिटं कधीची मिळतात ते पाहा.