मेमरीची चाल

पिरंगुटला आमचे संगणक दुरुस्त करायला एक गृहस्थ येत. आधी कॅबिनेटवर तळहात ठेवून डोळे मिटत आणि मग जे खरं असेल ते तोंडावर सांगत. एका पुढाऱ्याला म्हणाले होते, "मशीन बरं हाय. तुमालाच चालवता येत न्हाई."

एकदा बायको शाळेत गेल्यावर मी तिच्या संगणकावर पराक्रम गाजवला. मासिकात वाचून बसचा, म्हणजे आतली माहिती ज्या वाटेनं धावते तिचा, वेग चढवला; त्याबरोबर मेमरीचाही चढला. संगणक दर पाच मिनिटांनी गोठू लागला. आत तिचा दोन वर्षांचा प्रबंध होता आणि ती चारला घरी येणार होती. मी घाईघाईनं त्यांना बोलावलं आणि सगळं कबूल केलं.

"भाताच्या रोपांच्या मुठी टाकणारा पळाया लागला, तर लावणाऱ्या बाईचा हात कसा पुरंल?" ते म्हणाले. त्यांनी बसचा वेग थोडा उतरवला, मेमरीचा त्याहून जास्त. "बस पळू द्या जरा. मेमरीला तिच्या बेतानं चालू द्या."

प्रबंध उघडला, तेवढ्यात बायको दारात.

"काय झालं हो याला?"

त्यांनी माझ्याकडे बघत शेवटचा स्क्रू आवळला.

"काय न्हाई, वहिनी. धूळ बसली व्हती."

मला ठाऊक असलेली त्यांची ही एकुलती एक थाप. तेव्हापासून दर रविवारी बायको माझ्याकडून तो संगणक पुसून घेते, आणि मी अगदी मनापासून पुसतो.