ओल्या ग्लूवर भंडारा

आठवीत शाळा सोडली आणि काही वर्षांनी शहरात, सात रस्ता चौकाजवळच्या एका पार्लरात कामाला लागले. माझं गाव जतच्या पलीकडं, दोन बस बदलून यावं लागतं. पार्लरच्या मालकिणीला आम्ही ताई म्हणायचो. त्यांनी मला राहायला मागची खोली दिली, काम शिकवलं. म्हणूनच भीती वाटायची, की चुकलं तर म्हणतील, जा बाई घरी. त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं.

खोट्या पापण्या मला लवकर जमल्या. गावाकडं करडांच्या डोळ्यांत कुसळ गेलं की ते मीच काढायची, त्यामुळं डोळ्यापाशी हात हलत नसे. पापण्यांची पट्टी आधी मिटलेल्या डोळ्यावर धरून मापायची, जादा असेल तेवढी बाहेरच्या टोकाकडून कापायची. ग्लू लावून तीस आकडे मोजायचे, मगच चिकटवायची.

ताईंनी माझ्या एकटीवर सोपवलेली पहिली नवरी होटगीकडची. ताई दुसऱ्या लग्नात होत्या, म्हणून नवरीच्या घरी मी एकटीच गेले. नवरीला चष्मा होता आणि तो ती मांडवातही घालणार होती. "त्याच्याबिगार मला नवरा वळखू येणार न्हाय," म्हणाली. लांब पापण्या काचेला घासतात, म्हणून मी आखूड निवडल्या. उजवी छान बसली. डावी टेकवली, तेवढ्यात तिची आजी मुठीत भंडारा घेऊन आत आली.

"आजी, दोन मिनिटं थांबा की. ग्लू ओला हाय."

"देवाला थांब म्हणतीस व्हय?" आजीनं नातीच्या कपाळाला भंडारा भरला आणि उरलेला डोक्यावर उधळला.

हळद खाली आली ती थेट ओल्या ग्लूवर. डाव्या डोळ्यावर पिवळी रेघ उमटली. आमच्याही घरातून नवरी भंडारा लावल्याशिवाय मांडवाकडं निघत नाही. तो झाला का, हे मी आधी विचारायला हवं होतं.

"काय झालं?" नवरीनं डोळे मिटूनच विचारलं.

लपवावंसं वाटलं, पण लपण्यासारखं नव्हतं. "हळद चिकटली. पट्टी काढून दुसरी लावते. दहा मिनिटं लागतील."

बाहेरून हाका सुरू झाल्या होत्या. आजी दारातच बसली. "म्या कुणाला आत सोडत न्हाय. तू कुणाची गं?"

"मेंढरंवाल्यांची."

"आनि तुला भंडारा कळंना व्हय?"

मी कापसाला तेल लावून ग्लू सैल केला, पट्टी हळूच सोडवली, पापणी पुसून कोरडी केली. नवी पट्टी मापून कापली. या वेळी तीसऐवजी चाळीस मोजले. नवरीनं चष्मा घातला, चार वेळा डोळे मिचकावले.

"घासत न्हाय," ती म्हणाली.

आजीनं वाकून बघितलं. "जेवताना ताटात पडाय नगं म्हंजे झालं."

संध्याकाळी, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत, मीच ताईंना सगळं सांगितलं. त्या टॉवेलच्या घड्या घालत ऐकत होत्या.

"पुढच्या नवरीला आधी विचारशील ना?"

"पुढच्या?"

"रविवारी. वैरागची आहे. सकाळी सहाला निघायचं, आणि एकटीच जाशील."

मी मान हलवली आणि उरलेल्या टॉवेलच्या घड्या घालायला त्यांच्या शेजारी बसले.